बर्लिंग्टन (व्हर्माँट) शहराचं महापौरपद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले एके काळचे महापौर आणि पुढे अमेरिकेचे सेनेटर झालेले बर्नी सँडर्स यांचं नाव अमेरिकेबाहेर पोचल्यापासून बर्लिंग्टनच्या महापौरपदाबद्दल मराठी वाचकांचे प्रश्न सतत येत असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, गुंतागुंतीचे पुढे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. हे नेमकं कुठलं बर्लिंग्टन?

व्हर्माँट राज्यातलं, चॅम्पलेन सरोवराच्या पूर्व काठावरचं. मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, आयोवा, नॉर्थ कॅरोलायना आणि कॅनडातल्या ऑंटारिओतही बर्लिंग्टन आहे, त्यामुळे इंटरनेटवर शोधताना राज्याचं नाव जोडा. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ४४,७४३ होती. एवढं लहान असूनही ते राज्यातलं सर्वांत मोठं शहर आहे. राजधानी मात्र माँटपेलियर.

शेजारचं साउथ बर्लिंग्टन वेगळं शहर आहे. तिथला कारभार नेमलेला सिटी मॅनेजर पाहतो. ‘साउथ बर्लिंग्टनचे महापौर कोण’ या प्रश्नाला म्हणूनच सरळ उत्तर नाही.

२. मराठीत महापौर म्हणायचं की नगराध्यक्ष? लोकसंख्या तर आपल्या तालुक्याच्या गावाएवढी आहे.

लोकसंख्येचा निकष लावला तर बर्लिंग्टन आपल्याकडे ‘ब’ वर्ग नगरपरिषद ठरेल, आणि तिचा प्रमुख नगराध्यक्ष. पण अधिकार पाहिले तर दोन्ही शब्द अपुरे पडतात. महाराष्ट्रातल्या महापौराला नगरसेवक निवडतात, त्याची मुदत अडीच वर्षांची असते आणि कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतात. बर्लिंग्टनचा महापौर थेट मतदारांतून निवडून येतो आणि प्रशासनाचा प्रमुखही तोच असतो. वरून नेमलेला सनदी अधिकारी त्याच्या बरोबरीला नसतो. थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाकडेच मुख्याधिकाऱ्याचं कामही दिलं, तर साधारण हे पद तयार होईल. वर्तमानपत्रांत रुळलेला ‘महापौर’ हा शब्दच आम्ही वापरतो, पण तो वाचताना मुंबई-पुण्याचं महापौरपद डोळ्यांसमोर आणू नका.

३. पद कधी सुरू झालं? पहिला महापौर कोण?

१८६५ साली. वस्ती जुनी, टाउनची सनद १७६३ ची. लाकडाच्या व्यापारामुळे सरोवराकाठचं बंदर भरभराटीला आलं आणि दाट वस्तीच्या भागाला पाणी, रस्ते, अग्निशमन अशा सोयी हव्या झाल्या. आसपासच्या शेतकऱ्यांना त्यांचा खर्च नको होता. १८६५ मध्ये दाट वस्तीचं शहर झालं आणि उरलेल्या भागाचं साउथ बर्लिंग्टन. पहिले महापौर अल्बर्ट कॅटलिन.

४. सँडर्स ३७ वे महापौर होते असं वाचलं. यादीतली नावं मोजली तर आकडा जमत नाही. चूक कुणाची?

चूक कुणाचीच नाही. क्रमांक व्यक्तीला नसून कार्यकाळाच्या सलग तुकड्याला दिलेला आहे. मध्ये खंड पडून कुणी परत आला की त्याला नवा क्रमांक मिळतो.

जेम्स बर्क चार वेळा आले: १९०३–०७, १९०९–११, १९१३–१५ आणि १९३३–३५. म्हणजे चार क्रमांक. रॉबर्ट रॉबर्ट्‌स आणि होम्स जॅक्सन यांचे प्रत्येकी दोन. पुढे पीटर क्लॅव्हेल यांचेही दोन, ३८ आणि ४०. हिशेब असा: ३७ मधून बर्क यांचे जादा ३, रॉबर्ट्‌स यांचा १ आणि जॅक्सन यांचा १ वजा केले की ३२ उरतात. व्यक्ती म्हणून सँडर्स ३२ वे. २०२४ मध्ये आलेल्या एमा मलव्हेनी-स्टॅनक यांचा क्रमांक ४३, पण हे पद भूषवणाऱ्या त्या ३७ व्या व्यक्ती. लेखात ‘४३ वा कार्यकाळ’ लिहिलं की गोंधळ टळतो.

दुसरा घोळ वर्षांचा. कार्यकाळ एप्रिलमध्ये बदलतो, म्हणून बदलाचं वर्ष दोघांच्याही नावापुढे दिसतं. १९८१ सालचे पहिले तीन महिने महापौर गॉर्डन पॅकेट होते, सँडर्स नव्हेत.

५. निवडणूक कधी होते? मुदत किती? कितीदा उभं राहता येतं?

मतदान मार्चच्या पहिल्या मंगळवारी, म्हणजे ‘टाउन मीटिंग डे’ला. व्हर्माँटच्या खेड्यांत या दिवशी आपल्या ग्रामसभेसारखी सभा भरते आणि अंदाजपत्रकावर समोरासमोर मतं दिली जातात. बर्लिंग्टनमध्ये सभेऐवजी मतपत्रिका असते. शपथविधी एप्रिलच्या पहिल्या सोमवारी.

महापौराची मुदत पूर्वी दोन वर्षांची होती. २००३ मध्ये निवडून आलेले क्लॅव्हेल २००६ पर्यंत राहिले, आणि तेव्हापासून ती तीन वर्षांची आहे. कितीदा उभं राहावं याला मर्यादा नाही. एकूण काळ मोजला तर क्लॅव्हेल सर्वांत पुढे (१९८९–९३ आणि १९९५–२००६).

एक व्यावहारिक अडचण बाहेरून लक्षात येत नाही. शहराचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. एप्रिलमध्ये खुर्चीवर बसलेल्या नव्या माणसाला जूनअखेर अंदाजपत्रक मंजूर करून घ्यावं लागतं, तेही बहुतेक आधीच्या माणसाच्या आकड्यांवर.

६. महापौराच्या हातात नेमकं काय असतं?

खातेप्रमुखांची नावं सुचवणं, अंदाजपत्रक मांडणं, रोजचा कारभार पाहणं आणि कौन्सिलच्या ठरावावर नकाराधिकार वापरणं. कौन्सिलमध्ये १२ सदस्य आहेत. नकाराधिकार मोडायला दोन तृतीयांश, म्हणजे ८ मतं लागतात. नेमणुकांना कौन्सिलची मान्यता लागते, आणि ही अट किती जड जाऊ शकते ते प्रश्न ९ मध्ये दिसेल.

हात बांधणाऱ्या गोष्टी आणखी तीन. पोलिस, वीज, उद्यानं अशा खात्यांवर नागरिकांची कमिशनं असतात. पूर्वी ती फार प्रबळ होती. कमिशनरांच्या मुदती वेगवेगळ्या वर्षी संपत, त्यामुळे नव्या महापौराला जुन्यांबरोबरच काम करावं लागे. दुसरी गोष्ट पैशाची. मालमत्ता कराचा दर चार्टरमधल्या (शहराच्या सनदेतल्या) मर्यादेपलीकडे न्यायचा तर मतदारांना विचारावं लागतं, आणि शहराच्या हमीवर मोठं कर्जरोखं काढायला दोन तृतीयांश मतं हवीत. तिसरी गोष्ट राज्याची, ती प्रश्न १४ मध्ये.

या पदाचा इतिहास वाचताना ‘अमक्याने शहर बदललं’ असं म्हणण्याआधी त्या वर्षी चार्टर काय देत होता ते पाहावं. बहुतेक वादांचं मूळ तिथे सापडतं.

७. सँडर्स यांच्या आधी सगळे कंटाळवाणेच होते का?

मुळीच नाही. अर्बन वुडबरी (१८८५–८७) यांनी यादवी युद्धात बुल रनच्या पहिल्या लढाईत उजवा हात गमावला होता. ते पुढे राज्याचे गव्हर्नर झाले. सेनेका हॅसल्टन (१८९१–९४) यांना महापौरपदानंतर व्हेनेझुएलात अमेरिकेचा राजदूत म्हणून पाठवलं गेलं. नंतर ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते.

आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित नाव जेम्स बर्क यांचं. पेशाने लोहार, आयरिश कॅथलिक, डेमोक्रॅट, आणि हे सगळं रिपब्लिकन, प्रोटेस्टंट व्हर्माँटमध्ये. वीज खाजगी कंपनीच्या हाती न ठेवता शहराची असावी यासाठी ते भांडले. शहराचं वीजखातं १९०५ मध्ये सुरू झालं आणि आजही शहराच्याच मालकीचं आहे. सार्वजनिक मालकीचा आग्रह बर्लिंग्टनमध्ये १९८१ साली उगवला, हा समज त्यामुळे टिकत नाही.

८. सँडर्स खरंच १० मतांनी जिंकले?

हो. मतदान ३ मार्च १९८१ ला झालं. फेरमोजणीनंतर सँडर्स ४,३३० आणि पॅकेट ४,३२०.

पॅकेट डेमोक्रॅट होते आणि सलग पाच वेळा निवडून आले होते. रिपब्लिकनांना त्यांच्याबद्दल तक्रार नसल्याने त्या पक्षाने उमेदवारच दिला नाही. पॅकेट यांचा निवांतपणा इथूनच आला. पॅकेट यांनी मालमत्ता करवाढ सुचवली होती, सँडर्स यांनी तिला विरोध केला. गस्तीच्या पोलिसांच्या संघटनेने सँडर्स यांना पाठिंबा दिला. पक्षांतर्गत निवडीत पॅकेट यांच्याकडून हरलेले रिचर्ड बोव्ह अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी हजाराहून जास्त मतं घेतली. यांतलं एक जरी घडलं नसतं तरी १० मतं फिरली असती. सँडर्स यांना मिळालेली मतं सुमारे ४३ टक्के होती, हेही ध्यानात ठेवा.

९. निवडून आल्यावर पहिलं वर्ष वाया गेलं म्हणतात, ते का?

तेव्हाच्या १३ जणांच्या बोर्ड ऑफ आल्डरमेनमध्ये (आजच्या कौन्सिलचं जुनं रूप) सँडर्स यांच्या बाजूने दोघेच होते. बाकी अकरा जणांनी त्यांनी सुचवलेल्या नेमणुका फेटाळल्या. खातेप्रमुख पॅकेट यांचेच राहिले. म्हणजे महापौर नवा आणि सल्लागार त्याने ज्याला हरवलं त्याचे. सँडर्स यांनी स्वयंसेवकांच्या समित्या बसवून कामं चालवली. १९८२ च्या निवडणुकीत त्यांच्या बाजूचे आल्डरमन वाढले. नकाराधिकार मोडता येणार नाही इतकं संख्याबळ झालं आणि मग नेमणुका मंजूर होऊ लागल्या.

‘सँडर्स यांनी आठ वर्षांत काय केलं’ हे मोजताना म्हणून १९८२ नंतरची वर्षं धरावीत. सामुदायिक व आर्थिक विकासाचं नवं खातं १९८३ मध्ये निघालं आणि क्लॅव्हेल त्याचे पहिले संचालक झाले. १९८४ मध्ये शहराने २ लाख डॉलर बीजभांडवल दिलेला जमीन न्यास सुरू झाला. त्याची पद्धत अशी: जमीन न्यासाची, त्यावरचं घर कुटुंबाचं. विकताना वाढलेल्या किमतीचा ठरावीकच हिस्सा घरमालकाला मिळतो, म्हणून पुढच्या कुटुंबालाही घर परवडतं. मालमत्ता करावरचा भार हलका करायला हॉटेल-खानावळींच्या बिलावर कर आणि रस्ते खोदणाऱ्या कंपन्यांवर शुल्क असे मार्गही काढले.

१०. सरोवराचा काठ सँडर्स यांनी बिल्डरांपासून वाचवला, हे खरं की प्रचार?

अर्धं खरं. १९८५ मध्ये काठावर हॉटेल, सदनिका आणि सार्वजनिक जागा असा मोठा खाजगी प्रकल्प आला होता आणि सँडर्स प्रशासनाचा त्याला पाठिंबा होता. त्यासाठीचं कर्जरोखं मतदानाला गेलं. निम्म्याहून जास्त मतं बाजूने पडली, पण दोन तृतीयांशाची अट (प्रश्न ६) पुरी झाली नाही आणि प्रकल्प बारगळला. आजचा मोकळा काठ मतदारांनी आणि त्या अटीने दिला, असं म्हणणं जास्त न्यायाचं.

त्यानंतर शहराने वेगळी वाट धरली. काठाची बरीच जमीन एकोणिसाव्या शतकात सरोवरात भराव टाकून रेल्वेने तयार केली होती. सरोवराचा तळ जनतेचा असतो, मग त्यावरचा भराव कुणाचा, हा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८९ मध्ये न्यायालयाने ठरवलं की ती जमीन सार्वजनिक उपयोगाच्या बंधनातून सुटलेली नाही. तोवर सँडर्स पदावरून उतरले होते. उद्यान प्रत्यक्ष उभं करण्याचं काम क्लॅव्हेल यांच्या काळातलं.

११. १९९३ मध्ये मध्येच एक रिपब्लिकन कसा आला?

पीटर ब्राउनेल यांनी क्लॅव्हेल यांना हरवलं. लग्न न केलेल्या जोडीदारांनाही पालिका कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचा लाभ द्यावा का, हा तेव्हा गाजलेला मुद्दा होता. १९९५ मध्ये क्लॅव्हेल परत आले. ब्राउनेल यांच्यानंतर आजवर रिपब्लिकन महापौर झालेला नाही.

१२. २००९ ची निवडणूक अभ्यासक्रमात का शिकवतात?

२००५ मध्ये मतदारांनी महापौरपदासाठी पसंतीक्रमाचं मतदान स्वीकारलं. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात १, २, ३ असे आकडे घालतात, तीच कल्पना: कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळाचे उमेदवार बाद करून त्यांची मतं पुढच्या पसंतीला द्यायची. २००६ ला बॉब किस या पद्धतीने निवडून आले, तेव्हा फार कुणी बोललं नाही.

२००९ च्या पहिल्या मोजणीत रिपब्लिकन कर्ट राइट २,९५१, प्रोग्रेसिव्ह किस २,५८५, डेमोक्रॅट अँडी माँट्रोल २,०६३, अपक्ष डॅन स्मिथ १,३०६ आणि उरलेले नगण्य. स्मिथ व तळाचे बाद झाल्यावर राइट ३,२९४, किस २,९८१, माँट्रोल २,५५४. मग माँट्रोल बाद झाले. शेवटी किस ४,३१३, राइट ४,०६१.

गोम अशी की मतपत्रिकांवरच्या पसंत्या जोडी-जोडीने तपासल्या तर माँट्रोल यांनी किस यांनाही हरवलं असतं आणि राइट यांनाही. बहुतेकांची दुसरी पसंती असलेला माणूस पहिल्या पसंत्या कमी म्हणून आधीच बाहेर पडला. मोजणीत चूक झाली नव्हती. पद्धतीचा हा स्वभावच आहे, आणि तो इतक्या स्वच्छ आकड्यांत क्वचित दिसतो.

नेहमीचा गैरसमज: ‘जुन्या नियमाने राइट जिंकले असते.’ तसं नाही. जुन्या नियमात ४० टक्के लागत, राइट यांना सुमारे ३३ मिळाले होते. राइट आणि किस यांच्यात दुसरी निवडणूक घ्यावीच लागली असती. तिचा निकाल काय लागला असता, हा वेगळा प्रश्न.

१३. मग पसंतीक्रम बंद झाला ना? आता परत कसा आला?

मार्च २०१० मध्ये ३,९७२ विरुद्ध ३,६६९ मतांनी रद्द झाला आणि ४० टक्क्यांचा नियम परतला. किस यांच्यावरचा राग (प्रश्न १५) पद्धतीवर निघाला असं पुष्कळांचं मत आहे, आम्हालाही ते पटतं. २०२० मध्ये कौन्सिलने तो पुन्हा आणायचं ठरवलं तेव्हा महापौर मिरो वाइनबर्गर यांनी नकाराधिकार वापरला. म्हणून २०२१ मध्ये तो फक्त कौन्सिलच्या निवडणुकांपुरता मतदानाला आला आणि मंजूर झाला. २०२३ मध्ये मतदारांनी तो महापौरपदालाही लावला. २०२४ ला विजयी उमेदवाराला पहिल्या मोजणीतच निम्म्याहून जास्त मतं मिळाली, त्यामुळे पुढच्या फेऱ्यांची वेळ आली नाही.

१४. मतदारांनी मंजूर केलं म्हणजे झालं ना? वर्षभर का लागतं?

व्हर्माँटमध्ये शहरांना स्वतःची सनद स्वतः बदलता येत नाही. आधी जाहीर सुनावण्या, मग स्थानिक मतदान, मग राज्य विधिमंडळाची दोन्ही सभागृहं, मग गव्हर्नर. यांतल्या कुठल्याही पायरीवर बदल अडकू शकतो. बातमीत ‘मंजूर’ दिसलं तर कुठल्या पायरीवर मंजूर ते पाहा. कौन्सिलचा पसंतीक्रम २०२१ मध्ये मतदारांनी स्वीकारला, पण कायदा २०२२ मध्ये झाला.

१५. बर्लिंग्टन टेलिकॉमचं प्रकरण थोडक्यात सांगाल का?

शहराच्या मालकीचं फायबर इंटरनेट-केबल जाळं. कल्पना आणि सुरुवात क्लॅव्हेल यांच्या काळातली, संकट किस यांच्या काळातलं. परवान्याची एक अट होती: शहराच्या सामायिक रोकडीतून उचललेले पैसे ६० दिवसांत परत करायचे. ते झालं नाही आणि सुमारे १.७ कोटी डॉलर अडकले. शिवाय सिटीबँकेच्या ३.३५ कोटी डॉलरच्या भाडेकराराचे हप्ते थकले आणि बँक कोर्टात गेली. शहराचं पतमानांकन घसरत २०१२ मध्ये ‘कचरा’ श्रेणीच्या एकच पायरी वर येऊन टेकलं, म्हणजे शहराच्या इतर कामांचं कर्जही महागलं. वाइनबर्गर यांच्या काळात २०१४ मध्ये बँकेशी तडजोड झाली आणि २०१९ मध्ये जाळं एका खाजगी कंपनीला विकलं गेलं.

वीजखातं टिकलं आणि टेलिकॉम बुडालं याचं एक कारण साधं आहे. विजेला गावात स्पर्धक नव्हता. केबलला होता.

१६. पक्षाचा उमेदवार कसा ठरतो?

सरकारी प्राथमिक निवडणूक नसते. पक्ष आपापली कॉकस, म्हणजे निवडसभा, बोलावतात. नोव्हेंबर २०११ मध्ये डेमोक्रॅटांच्या सभेत वाइनबर्गर आणि टिम ॲश यांना शेवटच्या फेरीत प्रत्येकी ५४० मतं पडली. डिसेंबरमध्ये पुन्हा सभा घ्यावी लागली, तीत वाइनबर्गर जिंकले. २०१२ मध्ये ते महापौर झाले तेव्हा पॅकेट यांच्यानंतर ३१ वर्षांनी डेमोक्रॅट त्या खुर्चीवर बसला.

सँडर्स स्वतः प्रत्येक वेळी अपक्ष म्हणून उभे राहिले. ‘प्रोग्रेसिव्ह’ ही त्यांच्या समर्थकांची आघाडी होती, तिचा राज्यव्यापी पक्ष नंतर झाला. ‘प्रोग्रेसिव्ह महापौर सँडर्स’ हे तांत्रिकदृष्ट्या चुकीचं.

१७. मी तिथे राहतो, पण अमेरिकेचा नागरिक नाही. महापौराला मत देता येतं का?

बर्लिंग्टनमध्ये, कायदेशीर निवासी असाल तर, हो. २०२३ मध्ये मतदारांनी सनदबदल मंजूर केला, गव्हर्नरांनी तो नाकारला आणि विधिमंडळाने त्यांचा नकार मोडला. मार्च २०२४ ची निवडणूक या नियमाखालची पहिली.

इथे चूक फार महागात पडते, म्हणून नीट वाचा. हा हक्क फक्त शहराच्या निवडणुकांपुरता आहे. राज्याच्या किंवा केंद्राच्या निवडणुकीत मत देणं गुन्हा आहे, आणि फॉर्मवर ‘मी अमेरिकन नागरिक आहे’ या ओळीवर चुकून खूण केली तरी पुढे ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व धोक्यात येतं. स्थानिक मतदारयादीची नोंदणी वेगळी असते आणि ती सिटी क्लार्कच्या कार्यालयातच करावी. गाडीच्या लायसन्सच्या वेळी आपोआप होणाऱ्या नोंदणीतून नव्हे. आपला व्हिसा ‘कायदेशीर निवासी’च्या व्याख्येत बसतो का, हे आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

१८. सध्या महापौर कोण? पुढची निवडणूक कधी?

एमा मलव्हेनी-स्टॅनक, प्रोग्रेसिव्ह. ५ मार्च २०२४ ला निवडून आल्या, १ एप्रिलला शपथ घेतली. १८६५ पासूनच्या यादीत त्या पहिल्या स्त्री, आणि उघडपणे समलिंगी असलेल्या पहिल्या महापौर. त्याआधी २०२१ मध्ये वाइनबर्गर प्रोग्रेसिव्ह उमेदवारापेक्षा फक्त १२९ मतांनी पुढे राहिले होते. पुढचं मतदान मार्च २०२७ मध्ये.